कोरी राहिलेली अकरा मिनिटं

भाचीने सिनेमा माझ्याकडे आणून ठेवला तेव्हा तो तीन तास चार मिनिटांचा होता आणि ती स्वतः सात किलोंनी उतरली होती.

"मामा, मला आता काही दिसत नाही," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली. "म्हणजे दिसतं सगळं. पण दिसत नाही."

ती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिचा हा पहिला सिनेमा. लिहिला तिने, शूटिंग तिने केलं, आणि कापायलाही तीच बसली. आपल्या पोराचे केस दुसऱ्याने का कापायचे, असं तिचं म्हणणं होतं. मी तेव्हा गप्प राहिलो. चाळीस वर्षं मी संकलक म्हणून काम केलं, म्हणजे दुसऱ्यांनी हौसेने गोळा केलेल्या चित्रांतलं नको ते काढून टाकलं आणि उरलेलं जोडलं. तेव्हा मला मत होतं. पण विचारल्याशिवाय मत द्यायची मला सवय नाही, आणि विचारलं तरी ते जमवायला मला दोन दिवस लागतात.

आता ती विचारत होती. तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, थिएटरवाले गृहस्थ तिचा सिनेमा बघणार होते. त्यांचं दोनशे खुर्च्यांचं थिएटर आहे, आणि नव्या माणसांचे सिनेमे लावणारं आमच्याकडे तेवढं एकच. त्यांनी नाही म्हटलं की चार वर्षांचं काम कपाटात.

मी सिनेमा पाहिला. एका बारा मजली इमारतीत एकवीस वर्षं लिफ्ट चालवणारी बाई. लिफ्ट आता आपोआप चालणार, म्हणून तिला काढून टाकणार आहेत, आणि हे तिने घरी सांगितलेलं नाही. गोष्ट चांगली होती. मला आवडली, आणि आवडली म्हणून मी लगेच स्वतःवर संशय घेतला.

चाळिसाव्या मिनिटाला एक बाई दार उघडून आत आली आणि रडायला लागली.

"ही कोण?" मी विचारलं.

"अरे, बहीण तिची."

"कुणी सांगितलं?"

"सुरुवातीलाच नाही का, दोघी पलंग हलवतात..." भाची बोलता बोलता थांबली. तिने मागे जाऊन शोधलं. पुन्हा शोधलं. पलंग हलवायचा सीन सिनेमात नव्हता. तो तिनेच काढला होता, चार महिन्यांपूर्वी, लांबी कमी करायला. आणि तेव्हापासून रोज सिनेमा पाहताना तो तिला दिसत होता.

"मी वेडी आहे का रे?"

"नाही. तू तिथे होतीस."

एवढंच खरं कारण आहे. दिग्दर्शक तिथे असतो. त्याला पडद्यावरचं दिसतं आणि पडद्याबाहेरचंही दिसतं: कापलेलं, राहून गेलेलं, कुणी कुणाशी भांडलं ते, ऊन जायच्या आत कसंबसं मिळवलेलं. प्रेक्षकाला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून मधे एक असा माणूस लागतो ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही. मी हुशार कधीच नव्हतो. मला फक्त ठाऊक नसायचं. त्यासाठी मी चाळीस वर्षांत एकदाही शूटिंगला पाऊल टाकलं नाही. संहिता आधी वाचली नाही. माझ्या खोलीत दिग्दर्शकाने शूटिंगच्या आठवणी काढायच्या नाहीत, अशी अट होती. पुष्कळांना तो माझा तिरसटपणा वाटायचा. थोडा असेलही.

आम्ही कामाला लागलो. माझी मागची खोली, जाड पडदा, मी संगणकापुढे आणि ती मागच्या कोचावर. रोज काही ना काही जायचं. ती कोचावर पाय वर घेऊन बसायची, नखं कुरतडायची, मधेच उठून दारापर्यंत जाऊन परत यायची.

"मामा, तो पावलांचा शॉट राहू दे ना. त्यासाठी कॅमेरावाला..."

मी खुर्ची वळवून तिच्याकडे पाहायचो.

"बरं बाबा, नाही सांगत. काढ."

बहिणीचा सीन परत आला, तीन मिनिटांचा वीस सेकंदांचा होऊन. दोन आठवड्यांत सिनेमा दोन तास पाच मिनिटांवर आला. भाची जेवायला लागली. बायको म्हणाली, "तुमच्याही चेहऱ्यावर कधी नव्हे ते रक्त दिसतंय." तिचं बरोबर होतं. तीन वर्षांत मला कुणी काम दिलं नव्हतं, आणि मी ते मागायलाही गेलो नव्हतो.

आता मी जे लपवलं ते सांगतो.

सिनेमाच्या मध्यावर एक सीन आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते. आत लिफ्टवाली आणि एक म्हातारी भाडेकरू. अकरा मिनिटांचा एकच अखंड शॉट. तो घेतला त्या दिवशी, म्हणजे गेल्या वर्षी, सकाळी भाचीचा फोन आला होता. सातव्या मजल्याच्या जिन्यावर उभं राहून लोकांना थोपवणारा माणूस आला नव्हता. "मामा, दोन तास फक्त. नुसतं उभं राहायचं." सिनेमा ती स्वतःच कापणार होती, त्यामुळे मी तेव्हा नुसता मामा होतो. मी गेलो. दोन तासांचे नऊ तास झाले. चौदाव्या टेकला लिफ्ट खरोखरच अडकली.

आत नटी, म्हातारी आणि गुडघे पोटाशी घेऊन बसलेला कॅमेरावाला. मोठा दिवा गेला, कॅमेऱ्यावरचा बारका तेवढा उरला. आतून हाका येतील असं मला वाटलं, पण नटी संवाद म्हणत राहिली. तिचा आवाज पातळ झाला होता. ती मधे मधे तळव्याने दार थोपटत होती, आणि दाराच्या या बाजूला, हातभर अंतरावर, मी उभा होतो. भाची मेकॅनिकला आणायला खाली धावली होती. अकरा मिनिटांनी लिफ्ट हलली. नटी बाहेर आली आणि जिन्यावर बसली. कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केला नव्हता.

तोच टेक सिनेमात होता. इतकं सगळं कापलं, त्या सीनला मी हात लावला नाही. हा सीन म्हणजे सिनेमाचा जीव आहे, असं भाची म्हणाली, आणि मी मान डोलावली. मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं की या सीनपुरता मी संकलक नाही. सांगितलं असतं तर तिने काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं, अशी मला धास्ती होती.

शुक्रवारच्या आधीच्या रविवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही सिनेमा लावला. अकरा माणसं आली. बायको, शेजारी, भाचीच्या दोन मैत्रिणी, तळमजल्यावरचा टॅक्सीवाला. अशा वेळी मी शेवटच्या रांगेत बसतो आणि पडद्याकडे पाहत नाही, डोक्यांकडे पाहतो. माणूस तोंडाने खोटं बोलतो, मानेने बोलू शकत नाही. कंटाळा आला की मान आधी एका खांद्याकडे कलते, मग खुर्ची वाजते. मी मिनिटं टिपत जातो: बारावं मिनिट, दोन माना, एकोणतिसावं, कुणी नाही, असं.

सिनेमा संपल्यावर टाळ्या झाल्या. ओळखीच्या लोकांच्या टाळ्या.

"कसा वाटला?" भाचीने टॅक्सीवाल्याला विचारलं.

"एक नंबर. फक्त ते लिफ्ट अडकते तिथे मला वाटलं मध्यंतर आहे. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो, तरी अडकलेलीच."

मैत्रिणी हसल्या. भाचीही हसली, पण उशिरा.

घरी जाताना मी बायकोला विचारलं. ती मला कधी बरं वाटावं म्हणून बोलत नाही.

"छान आहे," ती म्हणाली. "रडू आलं शेवटी. मधे एकदा मात्र मला गॅस बंद केला की नाही ते आठवेना."

"मधे म्हणजे कुठे?"

"त्या दोघी लिफ्टमधे बोलत बसतात तिथे. मी मनातल्या मनात घरी जाऊन बघून आले."

"आणि?"

"बंद होता."

मी खोलीत येऊन वही उघडली. बासष्टाव्या मिनिटापर्यंत टिपणं होती. त्र्याहत्तराव्यापासून पुढे होती. मधली अकरा मिनिटं कोरी. एकही मान नाही, एकही खुर्ची नाही. टॅक्सीवाला माझ्या शेजारून उठून बाहेर गेला, पाणी पिऊन परत आला, आणि मला ते कळलंही नव्हतं. ती अकरा मिनिटं मी डोक्यांकडे पाहतच नव्हतो. मी पडद्याकडे पाहत होतो. खरं सांगायचं तर पडद्याकडेही नाही. मी जिन्यावर होतो.

सोमवार आणि मंगळवार मी एकटा बसलो. भाचीला सांगितलं की आवाजाची किरकोळ कामं आहेत. सीन सुरू करायचो. इथे कापू, असं ठरवायचो, आणि बोट पुढे केलं की ते तळव्याने दार थोपटणं ऐकू यायचं. एकदा चाळीस सेकंद काढले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. परत येऊन ते चाळीस सेकंद परत घातले. मग शेवटचा भाग पुढे घेतला. मग पूर्वीसारखा केला. मंगळवारी दुपारी मी मोजलं: सीनची लांबी अकरा मिनिटं दोन सेकंद होती. रविवारी होती त्याहून दोन सेकंद जास्त. हे माझ्याने कसं झालं मला अजून कळलेलं नाही.

"काय चाललंय?" बायको दारात येऊन म्हणाली. "दहादा उठताय, दहादा बसताय. फरशी झिजेल."

बुधवारी सकाळी भाची आली तेव्हा मी वही तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे सीन वाईट आहे?"

"ते मला कळत नाही, तेच सांगतोय. चांगला आहे हेही कळत नाही."

"मामा, परवा शुक्रवार आहे."

"हो."

"आणि हे तुला आज सुचतंय."

"सुचलं आधीच होतं. सांगायला आज जमलं."

ती उठली आणि खिडकीपाशी गेली. "तो सीन काढायचा नाही," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली. "बाकी काय हवं ते कर. ती बाई आत खरोखर घाबरली होती. असं परत कुणाला मिळत नाही."

"ती खरोखर घाबरली होती हे टॅक्सीवाल्याला माहीत नाही."

"मग त्याला कळायला नको?"

"कसं कळणार? तू प्रत्येक खेळाला दारात उभी राहून सांगणार आहेस का?"

तिने जाड पडदा जरा बाजूला सारला. मग वळून म्हणाली, "मग आता कोण? सांग ना, दोन दिवसांत कोण करणार हे?"

कोण ते मला ठाऊक होतं. म्हणूनच तर मी दोन दिवस घालवले होते.

फुली सहा वर्षं माझी सहायक होती. कागदावर नको त्या शॉटपुढे ती एवढी मोठी फुली मारायची, की पेन कागदाच्या पार जायचं. त्यावरून ते नाव पडलं. नऊ वर्षांपूर्वी तिने एका सिनेमातला एक लांबलचक मृत्यू काढून टाकला होता. दिग्दर्शक माझ्याकडे येऊन गयावया करायला लागला, आणि मी तिला न सांगता तो मृत्यू परत घातला. दुसऱ्या दिवशी तिने खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "सर, तुम्ही लोकांचं ऐकता फार," एवढंच म्हणाली. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. ती टीव्हीच्या मालिका कापते, असं कानावर होतं.

मी फोन लावला.

"कोण गेलं?" तिने पहिलाच प्रश्न केला.

"कुणी नाही. का?"

"तुम्ही फोन करताय म्हणून विचारलं."

मी काम सांगितलं. गोष्ट सांगायला लागलो तसं तिने मला तोडलं. "काही सांगू नका. शूटिंगला काय झालं, नटी कोण, काही नको. हे तुम्हीच शिकवलंय. मी दुपारी येते. आधीच सांगते सर, मला वेळ नाहीये, तरी येतेय."

ती आली. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. तिने खोली पाहिली, खुर्चीची उंची कमी केली, आणि पूर्ण सिनेमा एकदा पाहिला. आम्ही दोघं कोचावर. लिफ्ट अडकली तेव्हा भाची पुढे सरकून बसली आणि मी माझ्या हातांकडे बघत राहिलो. संपल्यावर फुलीने चष्मा काढून पुसला.

"आता तुम्ही दोघं बाहेर."

"मी इथे गप्प बसते," भाची म्हणाली.

"तू श्वास घेतेस. कुठे काय आवडतं ते मला तुझ्या श्वासावरून कळतं. बाहेर."

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. बसलो कसले. भाची दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. मी पुस्तक उघडलं आणि एकच पान चार वेळा वाचलं. आतून लिफ्ट अडकल्याचा तो खडखडाट येत होता. पुन्हा येत होता. थांबत होता. मग नटीचा आवाज, अर्धं वाक्य, शांतता, पुन्हा तेच अर्धं वाक्य. बायकोने चहा आणला. भाचीने कप हातात धरला आणि तो तसाच गार केला.

"तिने तो टाकून दिला तर?"

"तर आपण बघू आणि ठरवू. सिनेमा तुझा आहे."

"तू हे मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस."

"हो."

साडेपाचला दार उघडलं.

"एक विचारायचं होतं," फुली म्हणाली. "ती लिफ्टमधे जे अकरा मिनिटं सांगते, नोकरी जाणार, घरी सांगितलं नाही, ते मला विसाव्या मिनिटापासून माहीत आहे. मग ती कुणाला सांगतेय?"

भाचीने गार झालेला कप खाली ठेवला.

"एकच गोष्ट नवी आहे. त्या सीनच्या नवव्या मिनिटाला. ती म्हणते, मला बंद जागेची भीती वाटते. एकवीस वर्षं लिफ्ट चालवणारी बाई हे म्हणते. ते वाक्य कुणी लिहिलं?"

"कुणीच नाही," भाची हळूच म्हणाली. "ते संहितेत नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं."

"बरं. मला तेवढं हवं होतं. या, बघा."

लिफ्ट अडकली. आतले दोन चेहरे, दिवा मिणमिणला आणि गेला. पन्नास सेकंद. आणि मग एकदम आपण बाहेर आलो, सातव्या मजल्यावर. बंद दार. दारापुढे राखाडी स्वेटर घातलेला एक म्हातारा, पाठमोरा. आतून दबके आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. म्हाताऱ्याने लिफ्टचं बटण दाबायला हात उचलला. हात तसाच राहिला, मग खाली आला. आतून तळव्याने दार थोपटल्याचा आवाज. आणि मग स्पष्ट, अगदी दाराला लागून: मला बंद जागेची भीती वाटते. म्हातारा जागचा हलला नाही. दार उघडलं. बाई बाहेर आली आणि तिचा चेहरा आपल्याला त्या अंधारानंतर पहिल्यांदा उजेडात दिसला. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं. माझे कान तापले होते.

"दुसरा कॅमेरा जिन्यावर चालू राहिला होता. हिने त्याला 'रद्दी' नाव देऊन ठेवलंय. दार उघडतं तो शॉट सातव्या टेकमधला." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "चेहरा दिसत नाही, काळजी करू नका. मी पाठीवरून ओळखलं. सहा वर्षं तीच बघत बसले होते."

तो हात उचलल्याचं मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

"आणि तिचा अभिनय?" भाची म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "अकरा मिनिटं ती जे करते, ते कुणी बघणारच नाही?"

"नाही."

"तुम्हाला माहीत नाही तिथे काय झालं होतं."

"नाही माहीत," फुली म्हणाली. "त्यासाठीच बोलावलंय ना मला?" तिने पिशवी उचलली. "दोन्ही ठेवलेत मी, जुना आणि हा. कुठला दाखवायचा ते तू ठरव. मी कुणाच्या मागे लागत नाही आता."

ती गेल्यावर भाचीने दोन्ही सीन आपल्या डिस्कवर घेतले आणि निघाली. मला तिने विचारलं नाही. मी काय म्हणालो असतो? पूर्वी मी दाराबाहेर होतो म्हणून मला काही कळत नव्हतं. आता मी पडद्यावर होतो.

गुरुवारी अकराला ती परत आली.

"दोन्ही पंधरा वेळा बघितले," ती म्हणाली. "फुलीचा नवा चांगला आहे. मला राग येतोय, पण चांगला आहे. आता नटीला फोन करायचाय. तू इथे बस. उठू नकोस."

मी उठायच्या बेतातच होतो. बसलो.

तिने सांगितलं, सरळ सांगितलं: सीन कापला आहे, तू पन्नास सेकंद दिसतेस, नंतर फक्त आवाज. भाचीने फोन कानाला इतका दाबून धरला होता, की कान पांढरा पडला.

"हो," ती म्हणाली. "नाही, सगळे संवाद नाहीत... एकच. बंद जागेचं." ती ऐकत राहिली. "हो. मला माहीत आहे ते तुझं आहे... विचारायला हवं होतं... हो. मान्य."

तिने फोन मांडीवर ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अभिनय केला तेवढा सगळा काढलास आणि जे निसटलं तेच ठेवलंस." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती जोरात उघडझाप केली. "रागावली आहे. उद्या येणार नाही म्हणाली."

"मग?"

"मग काय? तिचा राग खरा आहे. सीनही खरा आहे." ती उठून पुन्हा खिडकीपाशी गेली, परत आली. "मी एकटीने कापला असता ना मामा, तर हा फोन मला करवला नसता, म्हणून मी सीन ठेवला असता. आणि वर म्हटलं असतं, सिनेमासाठी ठेवला."

शुक्रवारी सकाळी दोनशे खुर्च्यांच्या त्या थिएटरात आम्ही चार माणसं होतो. थिएटरवाले पाचव्या रांगेत मधोमध बसले. गुबगुबीत, शांत माणूस. टक्कल, मानेवर दोन वळ्या. भाची त्यांच्यापासून सहा खुर्च्या सोडून बसली. मी आणि फुली शेवटच्या रांगेत. फुली येणार असं मी धरलंच नव्हतं. "इकडे काम होतं," ती म्हणाली. दहा वाजता थिएटरात तिचं दुसरं काय काम असणार, ते मी विचारलं नाही.

पहिल्या वीस मिनिटांत थिएटरवाल्यांची मान तीनदा कलली. चौथ्यांदा खुर्ची वाजली. पुढे ते स्थिर झाले. लिफ्ट अडकली, दिवा गेला, आणि माझी पाठ पडद्यावर आली, भिंतीएवढी. मला तिच्याकडे बघवेना. मी त्या दोन वळ्यांवर नजर रोखून बसलो. हात उचलल्याची जागा आली असणार, कारण थिएटरवाले खुर्चीच्या पाठीपासून सुटले आणि पुढे वाकले. दार उघडल्याचा आवाज होईपर्यंत ते तसेच होते.

दिवे लागल्यावर ते जिथल्या तिथे बसून राहिले. भाची उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली.

"एक आठवडा," ते म्हणाले. "सकाळचा खेळ. लोक आले तर पुढचं बघू."

भाचीने मान हलवली.

"तो जिन्यावरचा म्हातारा कोण आहे? फार चांगला नट आहे. त्याला आणखी थोडा दाखवायला हवा होता."

"नाही," मी आणि फुली एकदमच म्हणालो.

ते वळून आमच्याकडे बघून हसले. मग पुन्हा भाचीकडे वळले. "एकच अट. सुरुवात जड आहे. पहिल्या वीस मिनिटांतली आठ जायला हवीत, आणि मला सोमवारी हवंय."

भाचीचं तोंड उघडलं. पहिली वीस मिनिटं म्हणजे त्या इमारतीची पहाट. ती मिळवायला ही मंडळी तीन आठवडे कुठल्या तरी गच्चीवर कुडकुडली होती, एवढं माझ्याही कानावर आलं होतं. ती आता ते सगळं सांगणार, असं मला वाटलं. तिने एकदा आमच्या रांगेकडे पाहिलं. फुली चष्मा पुसत होती. मी काहीच केलं नाही.

भाचीने पिशवीतून पेन काढलं.

"तुम्हाला कुठली आठ वाटतात?" तिने विचारलं.